स्वयंपाकघरातला आवाज

उजवा हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत,
डावा तिच्या पोटावर,
आणि गोठ्यातला एकुलता एक बल्ब
रात्री दोन वाजून काही मिनिटांनी गेला.
स्कॉलाविकच्या खाडीवर तेव्हा काळोख कसा असतो,
काय सांगू. लोकरीसारखा. तोंडात जातो.

फोन उपड्या बादलीवर, आयोडीनच्या बाटलीशेजारी,
अवघा दोन हात लांब.
आणि माझे दोन्ही हात इथे.

हाक मारली. गप्प.
पुन्हा मारली. गप्प.
तीन दिवस डोंगरउतारावर वाऱ्याशी भांडून
माझा घसा बसला होता,
विहिरीतून गंजकी साखळी ओढावी तसा आवाज,
आणि त्या काळ्या काचेला
ही बाई कोण, ते ओळखेना.

त्याचंही काय चुकलं म्हणा.
ऑक्टोबरात सुन्वा आली होती, माझी धाकटी.
"आई, हात भरलेले असले की कामी येईल,"
असं म्हणून मला टेबलाशी बसवलं
आणि एकच वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं.
तेही डॅनिशमध्ये. आमची भाषा मूठभर माणसांची,
ती त्याला कोण शिकवणार?
शेगडीवर मटणाचं सूप रटरटत होतं,
आणि मी, शाळेत बाईंपुढे उभी असल्यासारखी,
पाठ ताठ, हात एप्रनला पुसत,
गोड, धुतलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात
पाच वेळा म्हटलं.
तोच आवाज त्यानं माझा म्हणून ठेवून घेतला.

आत बोटांना एक पाय लागला, मग नाक.
दुसरा पाय मागे मुडपलेला.
कळ आली की तिचं हाड माझं मनगट चिरडायचं.

मग मी जे केलं ते कुणाला सांगू नका.
खाकरले, थुंकले,
आणि काळोखात गुडघ्यांवर बसून
मीच माझी नक्कल केली.
ऑक्टोबर. सूप. पाठ ताठ.
"कृपया दिवा लाव."

लख्ख उजेड!
आणि मेंढी अशी उसळली की बस.
सात वर्षांत ही बाई तिनं कधी ऐकली नव्हती.
"अगं मीच आहे, भवाने, मीच," घोगऱ्या गळ्यानं म्हटलं
तेव्हा कुठे खाली बसली.

"टोरमोदुरला फोन लाव," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.
घंटा वाजली. वाजली. वाजली.
"कोण?"
"मी रान्वा. मला जरा मदत हवी होती."
"कोण रान्वा?"
चाळीस वर्षांचा शेजारी!
एकाच दगडी बांधाला दोघांचं गवत टेकतं!
मग मात्र माझ्या खऱ्या आवाजात
त्याच्या आज्यापासून सुरुवात केली.
"आलो," तो म्हणाला, दुसऱ्याच पिढीला.

तो यायच्या आत
कोकरू थोडं मागे ढकललं,
गुडघा सापडला, खूर तळहातात झाकून घेतला,
आतलं फाटू नये म्हणून झाकायचा असतो,
आणि पुढच्या कळेबरोबर
सगळं एकदम, गरम, निसरडं, पिवळं,
माझ्या मांडीवर.

नाकातोंडातली बुळबुळ काढली. गवताची काडी घातली.
शिंकलं.
मग ओरडलं, बारीक, फाटकं,
कोणत्याच भाषेत नाही.

"माफ करा," फोन म्हणाला, "मला समजलं नाही.
पुन्हा सांगाल का?"

त्यानं पुन्हा सांगितलं.

दारात टोरमोदुर. पायजम्यावर रेनकोट,
डाव्या पायात उजवा बूट.
"आधी कोण बोलत होतं गं? ती कोण?"
मी उत्तर दिलं नाही.
मेंढी कोकराला चाटत होती
आणि चाटता चाटता घशातल्या घशात
असा एक खोल, मऊ हुंकार देत होती
जो ती एरवी वर्षभर काढत नाही,
माझ्यासाठी तर कधीच नाही.

बॅटरी नऊ टक्के.
हात धुतले, आणि दिवा बोटानं बंद केला.